वीजगृहाच्या घड्याळावर चालणारी नदी : कुंडलिकेवरील राफ्टिंगचे नियोजन आणि मुळशीच्या पाण्याचा इतिहास

प्रस्तावना

महाविद्यालयांच्या वतीने निघणाऱ्या सहलींच्या यादीत अलीकडच्या काळात रायगड जिल्ह्यातील कोलाडच्या राफ्टिंगची भर पडली आहे. भूगोल विभाग, जिमखाना, विद्यार्थी मंडळ यांपैकी कोणी ना कोणी हा प्रस्ताव मांडतो; प्राचार्यांची संमती, पालकांची हमीपत्रे, बसची व्यवस्था आणि आगाऊ रक्कम एवढे झाले की नियोजन पूर्ण झाले असे समजले जाते. ज्या नदीवर हे सर्व घडणार असते तिच्याविषयी मात्र फारशी चौकशी होत नाही. माहितीपत्रकात ती 'बारमाही' असल्याचे छापलेले असते आणि तेवढ्यावर सर्वांचे समाधान होते.

वस्तुतः कोकणातील नदी बारमाही वाहत असेल तर इतिहासाच्या अभ्यासकाने तेथेच थांबून विचार केला पाहिजे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून निघणाऱ्या नद्या आखूड, तीव्र उताराच्या आणि पावसावर जगणाऱ्या आहेत. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात आणि फाल्गुन-चैत्रात त्यांच्या पात्रात डोह व खडक तेवढे उरतात. कुंडलिका याच कुळातली नदी. असे असता एप्रिल-मे महिन्यांत ठराविक वेळी तिच्या पात्रात रबरी तराफा उचलून नेण्याइतके पाणी येते कोठून? या प्रश्नाचे उत्तर १९२० च्या दशकातील एका लढ्यापर्यंत जाऊन पोहोचते. राफ्टिंगच्या सहलीचे नियोजन आणि त्या लढ्याचा इतिहास या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या करता येत नाहीत, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

घाटमाथ्यावरचे पाणी

कुंडलिकेत दररोज येणारे पाणी तिचे स्वतःचे नाही. ते सह्याद्रीच्या पलीकडचे, पुणे जिल्ह्यातील मुळा नदीचे पाणी आहे. नैसर्गिक उताराने गेले असते तर ते पूर्वेकडे वाहून पुण्यात मुठेला, पुढे भीमेला आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात पोहोचले असते. मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ बांधलेल्या मुळशी धरणाने ते अडविले. बोगद्यातून व मोठ्या नळांतून ते घाटाच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली भिरा येथील वीजगृहात आणले जाते. जनित्रे फिरवून बाहेर पडलेले पाणी, ज्याला आपल्याकडे अवजल म्हणतात, तेच कुंडलिकेच्या पात्रात सोडले जाते. कोयनेचे अवजल जसे वाशिष्ठीला मिळते तसाच हा प्रकार होय. फक्त कोयनेहून तो बराच जुना आहे.

या योजनेमागील अर्थशास्त्र सरळ होते. मुंबईच्या कापड गिरण्या कोळशावर चालत, आणि तो कोळसा दुरून आणावा लागे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस आणि लगेच पायथ्याशी असलेले कोकण यांतील उंचीच्या फरकाचा उपयोग करून वीज निर्माण करण्याची कल्पना टाटा उद्योगसमूहाने उचलून धरली. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये. कोळशाचा धूर कमी झाला आणि मुंबईच्या औद्योगिक वाढीला हातभार लागला, हे नाकारता येणार नाही. स्वदेशी भांडवलाने उभारलेला उद्योग म्हणून त्या काळच्या सुशिक्षित वर्गात या योजनांचे कौतुकही मोठे होते. मुळशीचा प्रश्न अवघड झाला तो नेमक्या याच कारणाने. समोर केवळ परकीय सरकार असते तर राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींना भूमिका घेणे सोपे गेले असते.

जान किंवा जमीन

मुळशी पेट्यातील पन्नासच्या आसपास गावे धरणाच्या बुडिताखाली जाणार होती. बाधित होणाऱ्या माणसांची संख्या दहा हजारांच्या वर होती. खोऱ्यातील भातखाचरे उत्तम प्रतीची होती. मुळशीचा आंबेमोहोर आजही नावाजला जातो. रीतसर भूसंपादन होण्यापूर्वीच शेतांतून चाचणीचे खोदकाम सुरू झाले आणि मावळ्यांना संकटाची पहिली जाणीव झाली ती नोटिशीने नव्हे, तर स्वतःच्या खाचरात पडलेल्या चराने.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहाला आरंभ झाला. शेकडो मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची प्रतिज्ञा होती. गांधीजींनी 'यंग इंडिया'तून त्यांच्याविषयी सहानुभूती व्यक्त केली. काम तात्पुरते थांबले. परंतु हे यश टिकले नाही. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन जमिनी कंपनीसाठी संपादित केल्या, काम पुन्हा सुरू झाले, आणि सत्याग्रहींची धरपकड होऊ लागली. स्त्रियाही तुरुंगात गेल्या. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही नावे या काळात पुढे आली. लढ्याची शक्ती क्षीण होत चालली तेव्हा बापटांनी अहिंसेची मर्यादा ओलांडली. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी धरणाच्या कामावरील रेल्वेगाडी अडवून गोळीबार केला. त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. महाराष्ट्र त्यांना 'सेनापती' म्हणून ओळखतो ते याच लढ्यामुळे. धरण मात्र पूर्ण झाले.

पराभवाची कारणे केवळ सरकारच्या बळात शोधणे अपुरे ठरेल. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहाच्या आपल्या अभ्यासात दाखवून दिले आहे की खोऱ्यातील बऱ्याचशा जमिनीची मालकी पुण्यात राहणाऱ्या सावकार-जमीनमालकांकडे गेलेली होती आणि कसणारा मावळा कूळ म्हणून उरला होता. मालकाच्या दृष्टीने जमीन हे भांडवल होते. तिचा चांगला मोबदला मिळाला की त्याचा विरोध संपत असे. कुळाला मोबदल्यात वाटा फारसा नव्हता आणि पर्यायी जमीनही नव्हती. नेतृत्व पुण्याचे, हितसंबंध विभागलेले आणि त्याग मावळ्यांचा, अशी ही रचना होती. भरपाईच्या वाटाघाटी सुरू होताच चळवळ आतून पोखरली गेली, हे व्होरा यांचे प्रतिपादन आजच्या प्रकल्पग्रस्तांच्या चळवळी पाहिल्या असता अधिकच पटते.

व्होरा यांनी या लढ्याला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. अमेरिकेत हेच हेची खोऱ्यातील धरणाला १९१३ पूर्वीच कडवा विरोध झाला होता, हे येथे कोणी निदर्शनास आणून देईल. परंतु तो विरोध मुख्यतः निसर्गसौंदर्याच्या रक्षणासाठी होता. मुळशीत उठले ते बुडणाऱ्या गावांतील शेतकरी. दोहोंत फरक करणे इष्ट होय.

वेल्समधील एक समांतर उदाहरण

बुडालेल्या गावांवरील पाण्यात पुढे खळाळत्या पाण्याचे क्रीडाकेंद्र उभे राहावे, हा योग केवळ आपल्याकडचा नाही. वेल्समधील ट्रवेरिन नदीचा इतिहास मुळशीशी ताडून पाहण्यासारखा आहे. लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी तेथे धरण बांधण्याचे विधेयक १९५७ मध्ये ब्रिटिश संसदेत संमत झाले. वेल्समधील एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिले नाही, तरी ते संमत झाले. १९६५ मध्ये कापेल केलिन हे गाव शाळा, प्रार्थनामंदिर व टपाल कचेरीसह पाण्याखाली गेले. बुडालेले गाव लहान होते. घरे गमावलेल्यांची संख्या शंभराच्याही आत होती. मुळशीच्या तुलनेत हा आकडा किरकोळ म्हणावा लागेल.

उन्हाळ्यात जेव्हा ब्रिटनमधील इतर नद्यांना पाणी कमी असते तेव्हा ट्रवेरिनमध्ये धरणातून पाणी सोडले जाते. या हमखास विसर्गामुळेच बाला गावाजवळ कयाक व राफ्टिंगचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आणि १९८१ मध्ये कयाक-कनू स्लॅलमची जागतिक स्पर्धा तेथे भरली. म्हणजे कारण, परिणाम आणि करमणूक यांची साखळी कुंडलिकेसारखीच आहे. फरक आहे तो स्मृतीचा. 'ट्रवेरिन विसरू नका' अशा अर्थाचे शब्द वेल्समधील एका भिंतीवर रंगविले गेले आणि ते पुन्हा पुन्हा रंगविले जात राहिले. त्या विधेयकाने वेल्सच्या राष्ट्रीय भावनेला धार आली. २००५ मध्ये लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने जाहीर क्षमायाचना केली. त्या नदीवर वल्हे मारणाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसणे तेथे कठीण आहे.

आपल्याकडे हे घडले नाही याची कारणे अनेक असू शकतील. मुळशीची गावे घाटमाथ्यावर बुडाली आणि त्यांचे पाणी घाटाखाली दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या नावाच्या नदीत प्रकट झाले. ट्रवेरिनमध्ये सरोवर आणि क्रीडाकेंद्र एकाच नदीवर, एकमेकांच्या जवळ आहेत. मुळशी व कोलाड यांच्यामध्ये सह्याद्रीचा कडा उभा आहे. पाण्याचा प्रवास बोगद्यातून झाल्याने स्मृतीचा धागाही जमिनीखाली गेला, असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. शालेय पाठ्यपुस्तकांत सेनापती बापट भेटतात ते देशभक्त म्हणून. ज्या कुळांसाठी ते लढले त्यांचे पुढे काय झाले याविषयी पुस्तके सहसा बोलत नाहीत.

नियोजन म्हणजे नेमके काय

आता प्रत्यक्ष नियोजनाकडे वळू. बर्फावर किंवा पावसावर वाहणाऱ्या नदीत उतरणारा माणूस आकाश व ऋतू पाहून दिवस ठरवितो. कुंडलिकेवर दिवस आणि तास ठरतो तो भिऱ्याच्या वीजनिर्मितीवरून. पाणी साधारणतः सकाळच्या वेळात येते. ते भिऱ्याहून खाली सुतारवाडीच्या बाजूस, जेथून तराफे सोडले जातात तेथे, पोहोचण्यास वेळ लागतो, आणि तराफ्यांना त्या पाण्याबरोबर पुढे जावे लागते. उशीर झाला तर पाणी पुढे निघून जाते आणि तराफे खडकांवर टेकू लागतात. विजेची मागणी बदलली किंवा यंत्रांची देखभाल निघाली की विसर्गाची वेळही बदलू शकते. म्हणून सहलीच्या आयोजकाने पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, त्या दिवशी पाणी किती वाजता व किती प्रमाणात सुटणार आहे आणि ही माहिती संयोजक संस्थेला कोणाकडून मिळते. भोजन व निवासाची चौकशी त्यानंतरची.

दुसरी बाब नदीच्या श्रेणीची. भूगोलाच्या पुस्तकांत ज्यांना द्रुतवाह म्हणतात ते खळाळ आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार एक ते सहा अशा श्रेणींत मोजले जातात. कुंडलिकेचा सुमारे बारा किलोमीटरचा हा टप्पा साधारणतः दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीत धरला जातो; म्हणजे नवशिक्याला प्रशिक्षित मार्गदर्शकाबरोबर तो पार करता येतो. परंतु श्रेणी ही विशिष्ट पाण्याच्या पातळीसाठी असते, ती नदीला कायमची चिकटलेली नसते. पावसाळ्यात अवजलात ओढ्यानाल्यांचे पाणी मिसळते आणि तीच नदी दुसरी होते. जीवरक्षक जाकीट अंगाला घट्ट बसले आहे की नाही, शिरस्त्राण प्रत्येकाला आहे की नाही, तराफ्यांच्या बरोबर बचावासाठी कयाक आहे की नाही, मार्गदर्शकाकडे फेकीचा दोर आहे की नाही, हे शिक्षकाने स्वतः पाहावे. विद्यार्थ्यांच्या हमीपत्रावर पालकाची सही असल्याने शिक्षकाची जबाबदारी संपते ही समजूत घातक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून अशा उपक्रमांच्या संयोजकांसाठी नोंदणीची अपेक्षा त्यात आहे. नोंदणीची खातरजमा करून घेणे हे आयोजकाचे पहिले कार्यालयीन काम ठरते.

ही सावधगिरी अनाठायी वाटत असल्यास हिमाचल प्रदेशातील घटना आठवावी. ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी व त्यांच्याबरोबरचा सहल-संयोजक लारजी प्रकल्पातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ते राफ्टिंग करीत नव्हते. उथळ दिसणाऱ्या पात्रात छायाचित्रे काढण्यासाठी थांबले होते. वीजनिर्मिती घटविण्यात आली आणि अडलेले पाणी दरवाज्यांतून नदीत सोडले गेले. भिऱ्याला वीज निर्माण होते तेव्हा पाणी येते, लारजीला ती कमी झाली तेव्हा आले; दोन्ही ठिकाणी नदीची पातळी दूरच्या एखाद्या नियंत्रण कक्षात ठरली, हे साम्य महत्त्वाचे. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये भरपाईचा आदेश देताना तिचा भार वीज मंडळ व राज्य शासन यांच्याबरोबर महाविद्यालयावरही टाकला. शिक्षकवर्गाने हा निर्णय मुळातून वाचावा असे सुचवावेसे वाटते.

या दृष्टीने पाहता धरणाखालच्या नदीचा इतिहास जाणणे हा केवळ बौद्धिक विलास राहत नाही. नदी नैसर्गिक आहे असे मानणारा गट पात्रातील कोरड्या खडकांवर निर्धास्त बसतो. हे पाणी कोणी तरी सोडते, त्याला वेळापत्रक आहे आणि ते वेळापत्रक आपल्यासाठी केलेले नाही, हे ज्याला माहीत आहे तो काठावर चढून बसतो.

कोणाचे पाणी

राफ्टिंगने कोलाड परिसरातील काही तरुणांना काम दिले आहे, चहा-भोजनाच्या व्यवसायांना गिऱ्हाईक दिले आहे. अवजलावर खालच्या भागातील शेती व रोह्याजवळची औद्योगिक वसाहतही अवलंबून आहे. १९२७ पासून वाहत असलेले पाणी हे आता कुंडलिकाकाठच्या माणसांच्या जगण्याचा भाग झालेले आहे. उलट, पुणे व भीमा खोऱ्याची तहान वाढत असल्याने मुळशीचे पाणी पश्चिमेकडे न सोडता पूर्वेकडे द्यावे, ही मागणी अलीकडच्या काळात वारंवार पुढे आली आहे. कृष्णा खोऱ्यातून पश्चिमेकडे वळविल्या जाणाऱ्या पाण्यावर बच्छावत लवादाने १९७० च्या दशकातच मर्यादा घातली होती; म्हणजे हा वाद नवा नाही.

ही मागणी उद्या मान्य झाली तर कुंडलिका पुन्हा कोकणातील इतर नद्यांसारखी हंगामी होईल आणि कोलाडचे राफ्टिंग पावसाळ्यापुरते उरेल. तसे झाल्यास नुकसान सोसावे लागेल ते घाटाखालच्या माणसांना, ज्यांनी मुळशीचे पाणी मागितलेलेही नव्हते. आणि पाणी पूर्वेकडे वळले तरी ते मुळशीच्या विस्थापितांच्या वंशजांच्या शेतात जाईल असे नाही. ते शहराकडे जाईल. दोन्ही पर्यायांत मुळशी पेट्यातील मूळ कुळाचे नाव हिशेबात येत नाही, ही बाब पाणीवाटपाच्या चर्चेत कोणी उपस्थित करीत असल्याचे आढळत नाही.

पुण्याहून सहल काढणाऱ्या महाविद्यालयांना एक सोय आहे. त्यांची बस पौड, मुळशी व ताम्हिणी घाट या मार्गाने कोलाडला उतरते आणि बराच वेळ धरणाच्या जलाशयाच्या काठाने जाते. सकाळचे पाणी गाठावयाचे असल्याने जाताना तेथे थांबता येत नाही. बहुधा त्या वेळी अंधार असतो आणि विद्यार्थी झोपेत असतात. तेव्हा परतीच्या प्रवासात, दिवस मावळण्यापूर्वी, जलाशयाजवळ एक तास राखून ठेवावा आणि बुडीत गावांचा जुना नकाशा व सत्याग्रहाची एका पानाची टिपणी वर्गात आधीच वाटलेली असावी. दुपारी एकपर्यंत कोलाड सोडल्यास हा तास सहज मिळतो.